आडनावापुरती आंघोळ

माझे बाबा रोज सकाळी एकदा आंघोळ करत. दुसरी आंघोळ बातमीवर अवलंबून असे.

पेडण्याच्या बाजारात त्यांचं शिवणाचं दुकान होतं. सकाळच्या बसगाडीतून पेपरांचे गठ्ठे उतरले की एक पेपर त्यांच्या मशीनवर येऊन पडे. पहिलं पान ते बघतही नसत. सरकार पडलं काय नि उभं राहिलं काय, त्यांना त्याचं सोयरसुतक नसे. ते थेट निधनवार्तांचं पान उघडत आणि बोट ठेवून नुसती आडनावं वाचत जात. आमचं आडनाव दिसलं की कात्री खाली. शेजारच्या पसरकाराला, म्हणजे वाणसामानवाल्याला, दुकानावर नजर ठेवायला, "दुकानार नदर दवर" म्हणून सांगत आणि तडक घरी येऊन विहिरीवर उभे राहत. दोन कळश्या डोक्यावर, अंगावरच्या कपड्यांसकट. मग कोरडी लुंगी नि शर्ट घालून पुन्हा मशीनवर. गिऱ्हाईक ताटकळत बसलेलं असे. त्यानं विचारलं, "कोण गेलो?" तर बाबा म्हणत, "आमचो एक." त्याहून जास्त त्यांनाही ठाऊक नसे.

ते आडनाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर पेडण्यातली निदान शंभर घरं म्हणतील की ही बाई आमच्याबद्दल बोलते, आणि डिचोलीतली उरलेली म्हणतील की आमच्याबद्दल का बोलत नाही. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. तो गाव नदीपलीकडचा. कुठच्या तरी जुन्या काळी देव घेऊन माणसं इकडं आली, तेव्हा गाव मागं राहिला आणि आडनाव तेवढं बरोबर आलं, असं आमच्याकडे सांगतात. आता देवाबरोबर काही एकच घर चालत नाही. पालखी उचलणारे आले, ढोल वाजवणारे आले, पूजा करणारे, दिवट्या धरणारे, कपडे धुणारे, सगळेच आले. सगळ्यांचा गाव एक, म्हणून सगळ्यांचं आडनाव एक. नातं मात्र सगळ्यांचं एकमेकांशी असेलच असं नाही. जातसुद्धा एक नाही.

आणि सुतक तर भावकीचं लागतं, आडनावाचं नाही. भावकीतला माणूस गेला तर दहा दिवस. बातमी उशिरा आली तर दिवस कमी होत जातात, आणि वर्ष उलटून गेल्यावर कळलं तर नुसती आंघोळ पुरते. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. बाबांना माहीत नसेल असं कसं होईल? तरी ते ज्याच्या त्याच्यासाठी भिजत. खाणीवर ट्रक चालवणारा एक डिचोलीचा माणूस गेला, बाबा न्हाले. दशावतारात उभा जन्म राणीचं सोंग घेणारा एक म्हातारा गेला, बाबा न्हाले. पणजीतला एक वकील गेला. त्याचा आजोबा म्हणे पोर्तुगीज अमदानीत रेजिदोर होता, म्हणजे गावचा सरकारी कारभारी, आणि आमच्यासारख्यांना अंगणाबाहेर उभं करी. त्या वकिलासाठीही दोन कळश्या. विहिरी खणणारा एकजण गेला, त्यालाही दोनच.

मी विचारलं होतं एकदा. नववीत असेन. वर्गातल्या मुली मला "न्हाणयेचें चेडूं", म्हणजे न्हाणीतली पोर, म्हणून चिडवत आणि मला रडू येण्याऐवजी राग येई. तो माझा स्वभाव अजून तसाच आहे. मी म्हटलं, "बाबा, हे आपले कोण लागतात?"

"खबर ना," ते म्हणाले. "पूण आपलो आसलो जाल्यार?"

म्हणजे, माहीत नाही, पण आपला असला तर? आईला विचारलं तर ती विहिरीकडे बघून भांडी आपटत म्हणाली, "साऱ्या गोंयचें सुतक आमच्याच बांयर." पण त्याच दुपारी, नाचण्याची भाकरी थापता थापता, तिनं मला जे सांगितलं त्यामुळं मी पुन्हा बाबांना त्यावरून काही बोलले नाही.

बाबांना एक भाऊ होता. सात वर्षांनी मोठा. मुरगावच्या हार्बरवर कामाला गेला, तिथं बेळगावकडून आलेल्या एका कामगाराच्या मुलीशी त्यानं लग्न केलं, आजोबांना ते रुचलं नाही, आणि तो परत आला नाही. एवढंच तिला ठाऊक होतं, आणि तेही बाबांकडून नाही, शेजारणीकडून. आई लग्न होऊन आली तेव्हा तो जाऊन दहाएक वर्षं झाली होती. घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

"पण पेपरात तर पूर्ण नाव असतं," मी म्हटलं. "बाबांना आपल्या भावाचं नाव माहीत नाही?"

आईनं मला वेड्यात काढलं. आमच्याकडे माणसाला तीन नावं असतात. पाळण्यातलं वेगळं, शाळेतलं वेगळं, आणि हाक मारतात ते तिसरंच. परगावी जाऊन त्यानं कुठलं लावलं कोण जाणे. आणि हार्बरवर, खाणीवर, खनिज वाहून नेणाऱ्या बार्जीवर तर माणसाला नावानं कुणी ओळखतच नाही. तिथं आडनावच चालतं. ट्रकवाल्यांकडून, बार्जीवाल्यांकडून खबर येते तीही तशीच येते: तुमचो एक गेलो.

त्याच्या किती तरी आधीची एक गोष्ट मला तेव्हा आठवली आणि ती मला पहिल्यांदा कळली. मी आठ-नऊ वर्षांची असताना बाबा मला मुरगावला घेऊन गेले होते. आजोबा वारून थोडेच महिने झाले होते. "बोटी दाखयतां," असं बाबा मला म्हणाले होते. चार बसगाड्या बदलून आम्ही गेलो. आईनं डब्यात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरून दिल्या होत्या. चतुर्थीच्या नव्हेत, मुद्दाम केलेल्या. मला एकही खाऊ दिली नव्हती म्हणून मी वाटभर धुसफुसत होते.

हार्बरच्या गेटवर एक वॉचमन होता. बाबांनी त्याला आमचं आडनाव सांगितलं आणि म्हणाले, ह्या आडनावाचा माणूस आत आहे काय? वॉचमन हसला. म्हणाला, एक कशाला, हवे तितके आहेत, बोलावू? आणि त्यानं आत निरोप धाडला. थोड्या वेळानं तीन माणसं आली. एक ऑफिसातला, इस्त्रीच्या शर्टातला. एक रंगाऱ्याचे हात असलेला, दंडापर्यंत लाल रंग. तिसरा कँटीनमधला, कमरेला पंचा. तिघं एकमेकांकडे बघत उभे. त्यांची एकमेकांशीही ओळख नव्हती. बाबांनी तिघांची तोंडं नीट बघितली. मग काय करावं हे न सुचून त्यांनी डबा उघडला आणि तिघांना एकेक नेवरी दिली. तिघांनी ती उभ्या उभ्या खाल्ली. कँटीनवाला म्हणाला, बरी झाली आहे, पण खसखस थोडी जास्त हवी होती.

ते गेल्यावर वॉचमन म्हणाला, "आनी एक आसा. वयर, क्रेनीर. दोन वाजतां देंवतलो. रावात."

बाबांनी मान वर केली. धक्क्यावर ती क्रेन उभी होती, लोखंडी, केवढी तरी उंच, आणि तिच्या माथ्यावर एक खोपटं. खोपट्यात माणूस होता, इतका लहान दिसत होता की हात कुठला नि डोकं कुठलं कळत नव्हतं. बाबा बघत राहिले. मी बांकावर बसून पाय हलवत होते. दोन वाजता तो खाली उतरणार होता; त्याला अर्धा तास असेल.

"यो," बाबा एकदम म्हणाले. "आमची बस चुकतली."

आमची बस चुकणार नव्हती. त्या काळातही हार्बरजवळच्या वास्कोहून बसगाड्यांना तोटा नव्हता. बोटीही आम्ही बघितल्या नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी सगळा डबा माझ्यापुढं केला आणि मी रागानं एकही नेवरी खाल्ली नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, माझ्यावरच रागावलेत.

पुढं माझं लग्न झालं, आडनाव बदललं, मी डिचोलीत आले. पोस्टात नोकरी लागली. पंचवीस वर्षं काउंटरवर बसून मी लोकांची आडनावं हाताळते आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोलीच्या पत्त्यांना काही ताळतंत्र नव्हतं. नुसतं आडनाव आणि "ट्रक अड्ड्याकडे" एवढ्यावर पत्र येई आणि पोचेही. खाणी बंद पडल्या तेव्हा पत्रं तशीच परत जाऊ लागली. माहेरचं आडनाव दिसलं की माझी बोटं अजूनही थांबतात. काउंटरपलीकडच्या माणसाला मी विचारते, "तुमी खंयचीं?" म्हणजे, कुठले तुम्ही? लोकांना वाटतं, बाई आपुलकीची आहे. मी काही आपुलकीची नाही. बाबांची सवय माझ्या अंगात मुरली आहे, एवढंच. वास्कोच्या पोस्टातल्या एका ओळखीच्या माणसालाही मी एकदा लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं: ह्या आडनावाची माणसं इथं प्रत्येक पोस्टमनच्या वाट्याला आहेत, तुम्हांला कुठचं हवं?

बाबांना मी सरळ विचारायला हवं होतं. तुम्ही परत का गेला नाहीत? अर्धा तास का थांबला नाहीत? पण आमच्या घरात असं विचारत नाहीत. आमच्याकडे जेवलास काय, औषध घेतलंस काय, एवढंच विचारतात.

आई गेली. बाबांनी दुकान बंद केलं आणि मशीन घरी आणून सोप्यावर ठेवली. आता येते ती गोष्ट मला लिहायची नव्हती, पण तिच्यावाचून बाकीच्याला अर्थ नाही.

सहा वर्षांपूर्वीची चतुर्थी. सासरी आम्ही तीन जावा, माझ्यावाचून तिथं काही अडत नाही; म्हणून आई गेल्यापासून मी चतुर्थीच्या चार दिवस आधी पेडण्याला येते आणि माहेरचा गणपती पार पाडते. त्या वर्षी बाबा तापानं फणफणले होते. छातीत कफ भरला होता, डॉक्टरांनी वाऱ्यालासुद्धा जाऊ नका म्हणून बजावलं होतं. माझी लेक पहिल्यांदाच पुण्याहून रजा काढून आजोळच्या चतुर्थीला यायची होती. मी माटोळीची फळं बांधत होते. कवंडाळ, नारळाचा घोस, सुपारीची शिपटी. गणपतीच्या डोक्यावरचं ते सगळं छत मी त्या वर्षी एकटीनं बांधलं होतं आणि मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

दारात स्कूटर थांबली. बार्जीवर काम करणारा शेजारच्या वाड्यावरचा माणूस. चतुर्थीला घरी चालला होता.

"बाबा आसात?"

"जोर आयला, न्हिदल्यात."

"मुरगावां तुमचो एक गेलो," तो म्हणाला. "काल सांजेचो. क्रेनीर आसलो पयलीं, निवृत्त जावन वर्सां जालीं. पेडण्याचो, अशें सांगताले. बाबांक सांगात."

"सांगतां," मी म्हटलं.

तो गेला. मी स्टुलावर चढून पुन्हा सुपारीची शिपटी बांधू लागले.

मला काही कळलं नाही असं मी म्हणाले तर ते धादांत खोटं होईल. क्रेन हा शब्द कानावर पडला तेव्हाच माझ्या हातातली दोरी सुटली होती. पण मी स्वतःला समजावलं की हार्बरवर काय एकच क्रेन आहे? समजावलं की बाबा ऐकतील तर तापात विहिरीवर जातील आणि मग त्यांचंच बरंवाईट होईल. हे खरंच होतं. आणि दुसरंही खरं होतं: हा जर तो असेल, तर दहा दिवस सुतक. सुतकात गणपती आणत नाहीत. माझी माटोळी उतरवावी लागली असती, लेकीचा फोन आला असता आणि मी तिला नको येऊस म्हणाले असते. ह्या दोनांतलं कुठलं कारण जास्त वजनाचं होतं हे मी आजवर तोलून बघितलेलं नाही. गणपती आला. पाच दिवस आरत्या झाल्या. बाबा पांघरूण घेऊन बांकावर बसले होते, तापातही त्यांचा आवाज आरतीत चढला होता. मी नैवेद्य दाखवला. मी, जिला माहीत होतं.

नंतर सांगू म्हटलं. बाबा बरे झाल्यावर सांगू, दिवाळी झाल्यावर सांगू. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग? मधल्या काळात बाबा रोज पेपर उघडत होते, बोट ठेवून आडनावं वाचत होते, आणि अधूनमधून कुणासाठी तरी न्हात होते. त्या ओल्या अंगाकडे मला बघवत नसे.

मोपाला विमानतळ झाल्यावर पेडणे बदललं. पठारावर जिथं लोक गुरं चारायला नेत तिथं आता गाड्यांच्या रांगा असतात. यंदा लेकीकडे पुण्याला जायला मी पहिल्यांदा विमानात बसायचं ठरवलं. काउंटरवर एक मुलगी माझी बॅग वजनावर चढवत होती. बॅगेत नारळ होते, म्हणून मी वजनाच्या काट्याकडे बघत होते. मग तिच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे लक्ष गेलं. माझं माहेरचं आडनाव.

"खंयची गो तूं?" मी विचारलं. काउंटरपलीकडून विचारायची सवय होती, अलीकडून पहिल्यांदाच विचारत होते.

"वास्कोची. इथं ड्युटी लागली, म्हणून पेडण्यात खोली घेतलीय."

"मूळची?"

"आजोबा इथलेच होते म्हणे. पेडण्याचे. कुठच्या वाड्यावरचे ते माहीत नाही."

"आजोबा काय करायचे?"

"हार्बरला. क्रेन ऑपरेटर."

मागची माणसं चुळबुळ करत होती. मला पुढचं विचारायचं नव्हतं आणि विचारल्यावाचून राहवतही नव्हतं. कधी गेले? ती म्हणाली, सहा वर्षं होतील, चतुर्थीला चार दिवस होते. मी तिचा नंबर मागून घेतला.

मी आठवड्यानं परतले तेव्हा तिला आधीच फोन केला होता. सुट्टी झाल्यावर ती बाहेर आली आणि आम्ही चहा घेतला. मी कोण ते तिला सांगितलं. तिला फार नवल वाटलं, माझा हात धरून बसली. तिनं फोनमध्ये आजोबांचा फोटो दाखवला. म्हातारा माणूस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला. जिवणी बाबांची. कपाळ बाबांचं. मी विचारलं, ते गावाबद्दल काही बोलत? ती म्हणाली, नाही, विचारलं तर म्हणायचे, गावात आपलं कोणी नाही.

"पण एक होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे चतुर्थीला गणपती आणत नव्हते. सगळ्या बिल्डिंगीत असायचा, आमच्याकडे नाही. आम्ही पोरं हट्ट करायचो. आजोबा म्हणायचे, गणपती मूळ घरी येतो. तिथं आलेला आहे, दोन ठिकाणी आणत नाहीत."

तिनं ते हसत सांगितलं. तिला वाटलं असेल की मीही हसेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांकडे गेले. आधी पाणी कोमट करून बालदी विहिरीच्या काठावर ठेवली. आता पंचाहत्तरीला त्यांना थंड पाणी सोसणार नव्हतं. टॉवेल ठेवला, कोरडी लुंगी ठेवली. वर्षं उलटली होती; रीतीप्रमाणं नुसती आंघोळ पुरणार होती. मग सोप्यावर त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. मुलगी, हार्बर, क्रेन. बार्जीवाला दारात आला होता ते. मी माटोळी बांधत होते ते. मी मुद्दाम सांगितलं नाही ते.

ते शर्टाला बटण लावत होते. दोरा तोडला, सुई मशीनच्या गवसणीत खोचून ठेवली.

"तुवें सांगलें ना तें बरें केलें, अशें हांव म्हणचों ना," ते म्हणाले. "पूण सव वर्सां तो म्हाका चड मेळ्ळो."

भाऊ त्यांना सहा वर्षं जास्त मिळाला होता. मी रडत होते. म्हटलं, "बाबा, पाणी काढून ठेवलंय. निवेल."

"हांव न्हावचों ना."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. ट्रकवाल्यासाठी न्हाले, राणीचं सोंग घेणाऱ्यासाठी न्हाले, अंगणाबाहेर उभं करणाऱ्याच्या नातवासाठी न्हाले, आणि सख्ख्या भावासाठी नाही?

"ताच्या नावान हांव एकदां न्हालां," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. भाऊ लग्न झाल्याचं सांगायला स्वतः आला होता. एकटाच, हातात पिशवी, अंगणाच्या कडेला फणसाखाली उभा. आजोबांनी त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. एक शब्द बोलले नाहीत. उठून विहिरीवर गेले आणि त्याच्यादेखत त्याच्या नावानं कळशी डोक्यावर ओतून घेतली. मेलेल्या माणसाची घेतात तशी. मग आजीला ओतायला लावली. मग कळशी बाबांच्या हातात दिली. बाबा चौदा वर्षांचे होते, दादा एकवीसचा.

"'ओत' म्हणलें. हांवें ओतली." बाबा स्वतःच्या हातांकडे बघत होते. "ना म्हणूंक येतालें म्हाका. बारीक न्हय आसलों. दादा थंय उबो रावन पळयतालो, हांव ना म्हणटां काय तें. हांवें दोन कळश्यो ओतल्यो. बापायन एकूच सांगिल्ली."

ते नाही म्हणतात का, हेच दादा उभा राहून बघत होता; आणि बापानं एकच सांगितलेली असताना त्यांनी दोन ओतल्या. विहिरीच्या काठावर कावळा येऊन बालदीतलं पाणी पीत होता. काही तरी करायला हवं म्हणून मी पदरानं डोळे पुसले, फोन काढला आणि त्या मुलीनं पाठवलेला फोटो शोधून त्यांच्यापुढं धरला.

बाबांनी फोनवर आपला तळहात ठेवला आणि तो माझ्याकडे वळवला.

"नाका," ते म्हणाले. "तातूंत तो म्हातारो आसतलो."